महाराजांना दिसलेला दगड

दर गुरुवारी आमच्या फाट्यावर एसटीला उभं राहायला जागा उरत नसे, इतकी गर्दी अमृतरावच्या हॉटेलापुढं असायची. बाया आपल्या घागरी टँकरच्या रांगेत ठेवून यायच्या आणि त्रिकाळी महाराजांपुढं हात जोडून बसायच्या. महाराज हॉटेलच्या मागच्या खोलीत प्रकट झाले होते. माहूरच्या डोंगरात त्यांनी तप केलं, असं अमृतराव सांगायचा आणि सांगता सांगता चहा विकायचा. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कलेक्टर आला, कोर्ट आलं, पाऊस तेवढा यायचा राहिला होता. तिन्ही काळ बघणाऱ्या महाराजांनाही आंघोळीला टँकरचंच पाणी लागायचं.

महाराजांची खरी कीर्ती झाली ती गुरुबसप्पाच्या अपघातानं. गुरुबसप्पा सायकलवरून लातूरकडं निघाला होता. वळणापलीकडं समोरून आलेल्या पाण्याच्या टँकरनं त्याला उडवलं आणि तो जागीच गेला. टँकर आमच्या फाट्याला पाणी पुरवणाऱ्या ठेकेदाराचा. गुरुबसप्पाची बायको दानम्मा माझ्या शेजारची. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून सगळ्यांचा मास्तर.

पुढच्याच गुरुवारी महाराजांनी दानम्माला समोर बसवून डोळे मिटले.

"दिसलं! दिसून राहिलं बेटी! हिरवी सायकल... पुढचं चाक वाकडं... पितळी डबा, झाकण उघडं, त्यात भाकर अन् शेंगाची चटणी... एक वहाण दगडापाशी, किलोमीटरचा दगड, उगवतीच्या अंगाला..."

शेंगाच्या चटणीवर दानम्मा हंबरडा फोडून रडली. डबा तिनंच भरला होता, तो महाराजांना कसा कळला? गर्दीच्या अंगावर काटा आला. महाराज पुढं म्हणाले, "चितेच्या धुरातून तुझा धनी मला भेटला. म्हणतो, चूक माझीच होती. मीच उलट्या अंगानं चाललो. ड्रायव्हरला माफ करा, न्हाई तर मला गती न्हाई."

आता आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की लिंगायतांत माणसाला पुरतात. गुरुबसप्पाला चिता नव्हती आणि धूरही नव्हता. मी तसं बोललो, तेव्हा अमृतरावनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "मास्तर, ती आतली चिता असती. तुमच्या पुस्तकात न्हाई ती."

ठरलं असं की येत्या गुरुवारी दानम्मानं महाराजांसमोर माफीच्या कागदावर अंगठा द्यायचा. केस मिटली तर टँकर चालू राहील, हे न बोलताच सगळ्यांना कळत होतं. मला राग आला तो याचा. मोटार दिसली की सायकलवरून उतरून कडेला उभा राहणारा माणूस, आणि मेल्यावर त्याच्याच तोंडून गुन्हा कबूल करून घेतला!

"दानम्मा, अंगठा द्यायच्या आधी पोलिसांनी काय लिहिलंय ते तरी बघू," मी म्हणालो. जिल्हा झाल्याचा एवढा फायदा, की नकलेसाठी उस्मानाबादला जावं लागलं नाही. लातूरच्या कोर्टातून नक्कल मिळाली. तिच्या ओसरीवर बसून मी कागद उलगडले.

"ह्ये दोन कशाला?" तिनं विचारलं.

"ही फिर्याद. कुणी काय सांगितलं, ते हिच्यात. हा पंचनामा. जागेवर डोळ्यांना काय दिसलं, ते ह्याच्यात. दोन माणसं शेजारी उभी करून लिहायचा असतो, त्यांना पंच म्हणतात."

मी वाचू लागलो. हिरव्या रंगाची सायकल, पुढील चाक वाकडे. पितळी डबा, झाकण उघडे, आत भाकर व शेंगाची चटणी. एक वहाण किलोमीटरच्या दगडाजवळ, रस्त्याच्या पूर्वेस.

"पूर्वेस म्हंजी उगवतीला?" दानम्मा ताठ बसली. "न्हाई मास्तर. दगड मावळतीला हाय. मी रोज तिथं विभूती लावती."

"मग महाराज उगवतीला म्हणाले, तेव्हा गप्प का बसलीस?"

"वरून बघणाराला उलटं दिसत असंल, असं वाटलं मला."

मला हसू आवरेना, आणि लगेच लाजही वाटली. लातूरकडं जाणाऱ्याची डावी बाजू म्हणजे मावळतीची. दगड तिकडं, तर गुरुबसप्पा आपल्या बाजूनं चालला होता आणि टँकर त्याच्या अंगावर गेला होता. एका शब्दानं मेलेला माणूस गुन्हेगार झाला होता. मग मी पंचांची नावं वाचली आणि कागद परत एकदा पहिल्यापासून वाचला.

गुरुवारी गर्दी दुप्पट. मी हात जोडून म्हणालो, "महाराज, ते दर्शन आणखी एकदा होऊ द्या."

महाराज खुलले. डोळे मिटले. "दिसून राहिलं! हिरवी सायकल..."

"पुढचं चाक वाकडं," मी म्हणालो.

"हां... पितळी डबा..."

"झाकण उघडं."

महाराजांनी एक डोळा उघडला. गर्दीत कुजबुज झाली आणि एका म्हातारीनं चक्क मला नमस्कार केला. मी हातातली नक्कल वर धरली. "आजी, पाया पडायचं तर ह्या कागदाच्या पडा. आम्ही दोघं ह्यातलंच म्हणून राहिलो."

दानम्मा उठली. "चला महाराज. दगड दावा."

वळणापर्यंत सगळा फाटा चालत गेला. दगड मावळतीलाच होता. दुपार कलली होती आणि सूर्य बरोबर त्याच्या मागं होता. महाराज म्हणाले, "माया हाय! दगड सरकला!" पण या वेळी कुणी हात जोडले नाहीत, कारण दगडावर दानम्मानं लावलेल्या विभूतीचे थर दिसत होते.

मग मी शेवटच्या ओळी मोठ्यानं वाचल्या. "पंच नंबर एक, अमृतराव, धंदा हॉटेल. पंच नंबर दोन, व्यंकटी पिराजी, राहणार माहूर, हल्ली मुक्काम सदर हॉटेलची मागील खोली, धंदा भविष्य सांगणे. पंचनामा जागेवर लिहून वाचून दाखविला, बरोबर आहे."

"जागेवर कुठं? माझ्या बाकड्यावर लिव्हला की!" अमृतराव बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

सगळा चमत्कार एवढाच. पोलीस जमादारानं वस्तू गोळा करून आणल्या आणि हॉटेलात चहा पीत कागद लिहिला. पूर्व-पश्चिमेचा घोटाळा आळसानं झाला की कुणाच्या सांगण्यावरून, ते मला आजही माहीत नाही. बाकावरच्या दोघांनी ऐकून सह्या केल्या. न बघितलेल्या जागेची साक्ष दिलेल्या माणसानं तीच जागा पुढं दिव्यदृष्टीनं बघितली, आणि जमादाराच्या चुकीसकट बघितली.

दानम्मानं अंगठा दिला नाही. तिच्या अर्जावर पोलीस ठाण्याचे नवे साहेब पुन्हा पंचनामा करायला आले आणि थेट दगडाशी उभे राहिले. "दोन पंच पाहिजेत." समोर तीच गर्दी होती. चितेच्या धुराला शंभर साक्षीदार होते, दगडाला एकही मिळेना. कुणाला एकदम गुरं आठवली, कुणाला एसटी. टँकर बंद पडला तर काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता. मी नाव दिलं. दुसरं कोण?

घागर काखेत घेतलेली केवळाबाई पुढं आली. टँकरवाचून तिच्या घरी घोटभर पाणी नव्हतं. "लिव्हा माझं नाव. तहान लागली म्हणून मावळतीला उगवती कशी म्हनू?"

लिहून झाल्यावर साहेबांनी अंगठ्याची शाई पुढं केली. केवळाबाईनं हात मागं घेतला.

"आदी वाचून दावा," ती म्हणाली. "सगळं."

वाचकहो, माझं सांगणंही तेवढंच आहे. कागद पोलिसाचा असो की साधूचा, आधी सगळा वाचून घ्या. आणि मग उठून दगडापर्यंत जाऊन या.