विल्फला चारा म्हणणारा माणूस

माणसाच्या राखेला कुणी चारा म्हणतं का? नॉर्मन शॉरॉक म्हणाला. आणि तेही पबच्या अंगणात, आमच्या मासेमारीच्या सगळ्या क्लबासमोर, विल्फची बायको ॲव्हरिल हातात डबा घेऊन उभी असताना. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

विल्फ ग्रिमशॉ माझा दोस्त. गिरणीत आमचे माग शेजारी शेजारी आणि सुट्टीच्या दिवशी कालव्याच्या काठावर आमच्या पेट्याही शेजारी शेजारी. त्याच पेट्यांवर बसून आम्ही उभी हयात गळ टाकले. गिरणीच्या धुळीनं अखेर त्याची छाती धरली. थंडी संपता संपता तो गेला. जायच्या आधी दवाखान्यात मला म्हणाला, "ट्रेव्हर, मला चर्चमागं पुरू नका. तिथं माझ्या ओळखीचं कुणी नाही."

"मग कुठं ठेवू तुला? माझ्या परसात?"

"जाळा आणि राख चाऱ्यात कालवा. क्लबाची मोठी शर्यत असते ना, तिथं पहिल्या गोळ्याबरोबर मला पाण्यात टाक. आधी नको, नंतर नको. शिट्टी वाजली की टाक. मला शर्यतीत असायचंय."

"आणि कुठल्या खुंटीवर टाकू, साहेब?" काठावर प्रत्येकाच्या जागेला नंबराची खुंटी ठोकलेली असते.

"चिठ्ठीत तुला निघेल त्या. जन्मभर चिठ्ठीनं दिली तिथंच बसलो, आता काय निवडायची? आणि माझी गळाची काठी घे. तेवढा कप आण बाबा एकदाचा."

कपाचं विल्फला फार लागलेलं होतं. शर्यतीत ज्याच्या माशांचं वजन जास्त त्याला कप, आणि जवळजवळ दरवर्षी पहिला नॉर्मन आणि दुसरा विल्फ. शर्यतीच्या रात्री ॲव्हरिल बटाट्याच्या चकत्या घालून मटण ओव्हनमध्ये ठेवायची, आणि हा दुसरा येऊन घरी गेला की ताटाकडे बघायचासुद्धा नाही. तसाच झोपायचा. ॲव्हरिल मला सांगायची, "नॉर्मनमुळे माझं किती मटण वाया गेलं, याचा हिशेब कुणीतरी क्लबाकडून घ्या."

तर शर्यतीची सकाळ. आमच्याकडे चिठ्ठ्या काढायच्या आधी सेक्रेटरी प्रत्येकाचा चारा तपासतो. सेक्रेटरी अर्थातच नॉर्मन. हा माणूस नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपत असणार. कुणाच्या डब्यात अळ्या जास्त झाल्यात, कुणाचा भुगा कसला आहे, सगळ्यात नाक खुपसायचं. ॲव्हरिलनं विल्फची राख ब्रेडच्या भुग्यात स्वतःच्या हातांनी मळून आणली होती. मुठीत दाबला की गोळा बसावा आणि पाण्यात पडला की फुटावा, असं अगदी विल्फनं शिकवल्यासारखं मळलं होतं. नॉर्मननं डबा उघडला, चिमूट घेतली, बोटांत चोळली आणि नाकाशी नेली.

"यात काय घातलंय? खरखरीत लागतंय."

"तो विल्फ आहे," ॲव्हरिल म्हणाली.

नॉर्मननं बोट पँटला पुसलं. हे मी कधी विसरणार नाही. ज्या माणसाबरोबर आयुष्यभर कालव्यावर बसला, ज्याच्या फ्लास्कमधला चहा प्यायला, तो बोटाला लागला तर यानं बोट पँटला पुसलं.

मग खाकरून म्हणाला, "हे चालायचं नाही."

"काय चालायचं नाही?" मी म्हटलं.

"नियमात भुगा आहे, अळ्या आहेत, गांडुळं आहेत. राख नाही. नियमात नसलेला चारा पाण्यात गेला, तर त्यावरचे मासे मोजायचे नाहीत."

"अरे तो चारा नाही, विल्फ आहे."

"ट्रेव्हर, जे पाण्यात पडतं आणि ज्याच्या मागं मासा येतो, तो चारा. मग ते काहीही असो. शर्यत संपली की खुशाल टाक. मी स्वतः टोपी काढून उभा राहीन. पण शिट्टीनंतर टाकलंस तर तुझा एकही मासा ताणकाट्यावर चढणार नाही."

मी बाकीच्यांकडे बघितलं. कुणी बुटांकडे बघतोय, कुणी आभाळाकडे. विल्फला खांदा द्यायला हेच सगळे आले होते. डगी बेकरीवाला मासे तोलायचं काम करतो, मनानं चांगला आहे, पण त्यालाही तेव्हाच पेटीचा पट्टा आवळायचं सुचलं. ॲव्हरिलनं डब्याचं झाकण लावलं, कोपरे एकेक करून दाबले आणि डबा माझ्या हातात दिला.

चिठ्ठ्या निघाल्या. नॉर्मनचं नशीब बघा. त्याला शेवटची खुंटी निघाली, लॉकच्या, म्हणजे होड्या खालच्या पाण्यात उतरवायच्या दरवाज्यांजवळची. आमच्या कालव्यावर त्याहून चांगली जागा नाही. आणि मला निघाली नेमकी त्याच्या शेजारची. माझ्या दुसऱ्या बाजूला डगी.

काठानं जाताना ॲव्हरिल माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "जागा चांगली आहे रे. कप मिळेल. तुला हवा असेल तर हे राहू दे, संध्याकाळी टाकू. पाणी तेच आहे."

खोटं कशाला बोलू, मला तो कप हवा होता. विल्फची काठी हातात, चांगली जागा, आणि ढगाळ हवा. अशा हवेत ब्रीम काठाशी चरायला येतात. ताटलीएवढे ते चपटे, बुळबुळीत मासे दहाबारा लागले तर नॉर्मनची गुर्मी उतरलीच म्हणून समजा. कप आण, असं विल्फच म्हणाला होता. पण शिट्टी वाजली की टाक, असंही विल्फच म्हणाला होता. दोन्ही जमणार नाही असं करून ठेवलं त्या नॉर्मननं. पेटीवर बसून मी दातओठ खात होतो. शेवटी वाटलं, कप पुढच्या वर्षीही असतो, शिट्टीही असते. पण मी शब्द दिला तेव्हा विल्फ माझा हात धरून होता, आणि तेव्हा त्यानं पुढच्या वर्षीचं काही म्हटलं नव्हतं.

शिट्टी वाजली. मी डबा उघडला, पहिला गोळा वळला आणि कालव्याच्या मध्यावर टाकला. मग दुसरा. डबा रिकामा होईपर्यंत टाकत राहिलो. ॲव्हरिल मागं गवतात उभी होती. पलीकडून आवाज आला, "ट्रेव्हर, तू बाद. डगी, ऐकलंस ना?"

"सगळ्या कालव्यानं ऐकलं," मी म्हटलं.

तरी मी मासे धरत राहिलो. का नाही धरायचे? विल्फ शर्यतीत होता, मग त्याच्या शेजारी मी नको? थोड्या वेळात ब्रीम आले. दोरीवरचा तरंगा जरा वर उचलला जायचा, आडवा पडायचा, की मी ओढलाच. एक झाला, दुसरा झाला. पाण्यात बुडवलेल्या लांब जाळीत मासे जमायला लागले आणि मला बरं वाटायला लागलं. बाद तर बाद.

तेवढ्यात एक लांबडी होडी आली. लॉकचे दरवाजे उघडले की आमच्या कालव्याचं पाणी तिकडे ओढलं जातं. माझ्यासमोर पाण्यात पसरलेला राखेचा करडा ढग हळूहळू सरकायला लागला आणि थेट नॉर्मनच्या पुढ्यात गेला.

नॉर्मन उठून उभा राहिला आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल असं ओरडला, "ट्रेव्हर, तुझा तो चारा माझ्याकडे येतोय. माझी जागा खराब होतेय. मी तक्रार करीन."

"कर की. तुझ्याकडेच कर, सेक्रेटरी तूच आहेस."

डगी हसला. नॉर्मन धुसफुसत बसला. आणि मग त्यानं एकदम काठी ओढली, कारण त्याचा तरंगा आडवा पडला होता.

पुढचं मला सांगवत नाही. होड्या येत राहिल्या, दरवाजे उघडत राहिले, आणि माझ्यापुढचे मासे विल्फच्या मागं मागं तिकडे गेले. माझा तरंगा खिळा ठोकल्यासारखा उभा. आणि हा नॉर्मन, मासा काढतोय, जाळीत सोडतोय, अळी लावतोय, पुन्हा काढतोय. तक्रारीचं नाव नाही. असा संताप आला म्हणून सांगू. नॉर्मनचा तर आलाच, पण विल्फचाही आला. म्हटलं, लेका, जन्मभर याच्या मागं दुसरा राहिलास आणि मेल्यावरही याचीच चाकरी करतोयस? तुझ्यासाठी मी बाद झालो, आणि तू त्याच्या जाळीत मासे भरतोयस?

शेवटची शिट्टी झाली. डगी ताणकाटा घेऊन पहिल्या खुंटीपासून तोलत तोलत आला, मागं सगळा क्लब. हाही आमचा रिवाजच, शेवटच्या खुंटीपाशी सगळे जमतात. माझ्याजवळ आल्यावर डगी थांबला. नॉर्मन तिकडून म्हणाला, "त्याचे नाही." डगी माझी नजर चुकवून पुढे गेला.

नॉर्मनची जाळी वर आली तेव्हा दोघांना धरावी लागली. ताणकाटा खाली गेला तो गेलाच. एवढं वजन कित्येक वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. नॉर्मननं टोपी सारखी केली.

"माझी तक्रार आहे," मी म्हटलं.

"बाद झालेल्याला तक्रार करता येत नाही."

"तुझीच तक्रार आहे, मी नुसती आठवण करतोय. तुझ्या पुढ्यात चारा आला, असं सकाळी तूच ओरडलास. नियमात नसलेला चारा. त्यावरचे मासे मोजायचे नाहीत, हेही तूच म्हणालास."

नॉर्मननं डगीकडे बघितलं.

"डगी, तू ऐकलंस?" मी विचारलं.

डगीचा चेहरा लाल झाला. आम्ही दोघं बाद झालो तर कप त्यालाच जात होता, म्हणून तो बोलायला कचरत होता. "ऐकलं," तो म्हणाला. "म्हणजे, सगळ्यांनीच ऐकलं, नॉर्मन."

आता कुणी बुटांकडे बघत नव्हतं. सगळे नॉर्मनकडे बघत होते. पुरता कात्रीत सापडला होता. राख चारा असेल तर कालव्यावरचा त्याचा सर्वांत मोठा दिवस फुकट. चारा नसेल तर माझे मासे मोजायचे, आणि सकाळी बोलला ते गिळायचं. मला इतकी मजा वाटत होती की मी ॲव्हरिलला विसरलो.

ती पुढे आली. रिकामा डबा तिच्या हातात होता. आवाज चढवला नाही तिनं. "नॉर्मन, मला कपाशी काही देणं-घेणं नाही. पाण्यात आहे तो कोण आहे, तेवढं सांग. मग मी घरी जाते."

नॉर्मननं त्या जाळीतल्या माशांकडे बघितलं, मग पाण्याकडे. त्यानं टोपी काढली. "चारा नाही," तो म्हणाला. "तो विल्फ आहे."

"मोठ्यानं सांग," मी म्हटलं. "सकाळी सगळ्यांना ऐकू गेलं होतं."

"तो विल्फ आहे." आणि त्याचे डोळे भरून आले.

मला त्याचाही राग आला. सकाळी कुठं होते हे डोळे? बोट पँटला पुसलं तेव्हा? कपासाठी म्हणाला की मनापासून, ते त्याचं त्याला ठाऊक. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

डगीनं माझी जाळी तोलली. त्याच्यापेक्षा जास्त भरली, पण नॉर्मनच्या निम्मीसुद्धा नाही. मग मासे पाण्यात सोडले आणि डगीनं निकाल सांगायला घेतला. "पहिला, नॉर्मन शॉरॉक. दुसरा..." आणि माझ्याकडे बघितलं.

"काठी विल्फची, चारा मळला त्याच्या बायकोनं, आणि शर्यतीत तो शिट्टीपासून होता," मी म्हटलं. "त्याचं नाव घे."

सगळ्यांनी नॉर्मनकडे बघितलं. मेलेल्या माणसाला नंबर देता येत नाही, हे नियमात नक्की असणार. तो तसं म्हणाला असता तर मी त्याला कालव्यात लोटणार होतो, शपथेवर सांगतो. पण तो डगीला म्हणाला, "दुसरा, विल्फ ग्रिमशॉ. नेहमीसारखा."

कुणीतरी हसलं. ॲव्हरिलही हसली, आणि मग बराच वेळ तिनं तो डबा तोंडासमोर धरून ठेवला. नंतर नाक पुसून माझी पेटी उचलायला वाकली.

"चल, ट्रेव्हर. सकाळी सवयीनं दोघांचं मटण ओव्हनमध्ये ठेवलंय. तो काही आज जेवायचा नाही."