दोन्ही लाल

शाओमानला फुकट मिळालेल्या गोष्टीचा भारी संशय. भाजीवालीने कोथिंबिरीची एक काडी वरून टाकली तरी ती आधी खालची जुडी उलटून बघायची. त्यामुळे कंदिलांच्या सणाला सकाळीच सासूबाई दोन हातांत दोन कमळाचे कंदील घेऊन घरात आल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या माहेरहून आले," तेव्हा तिला क्षणभर रडूच फुटणार होतं. पण ते फुटायच्या आत मनात पाल चुकचुकली.

"कुणी आणले?" तिने विचारलं.

"एक माणूस देऊन गेला."

"कोण माणूस?"

"मोटारसायकलवाला. डोक्यावर हेल्मेट होतं. आता मी काय त्याचं हेल्मेट उतरवून तोंड बघू? सुनेच्या माहेरचे म्हणाला, दिले नि गेला." हे सगळं सासूबाई भिंतीकडे बघत बोलल्या.

इथल्या, म्हणजे च्वानचौ गावच्या बोलीत कंदील आणि मुलगा या दोन्ही शब्दांचा आवाज एकच. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या सणाला नवरीच्या माहेरहून कमळाच्या कंदिलांची जोडी यावी लागते. ती रात्री पलंगाच्या उशाशी लावायची, म्हणजे घरात कंदील येतो तसा पाळणाही हलतो. ज्या नवरीला माहेरचे कंदील येत नाहीत, तिच्याबद्दल गल्ली वर्षभर बोलते. शाओमानने आपली समजूत घालून ठेवली होती, की बोलतील तर बोलू देत.

कारण तिचं माहेर झिगोंगचं. डोंगरांपलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. समुद्राकाठच्या एका खानावळीतल्या आचाऱ्याशी लग्न करायचं तिने ठरवलं, तेव्हा तिच्या माने, म्हणजे आईने, हातातला वाढायचा डाव खाली न ठेवता सांगितलं होतं, "जा. पण मी मेले तरी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही." लग्नाला ती आली नाही. नव्या वर्षाला शाओमानने फोन केला, तो वाजून वाजून बंद पडला. आणि झिगोंगच्या बोलीत कंदील तो कंदील नि मुलगा तो मुलगा. मग अशा बाईला इथली रीत सांगितली कुणी?

तिने दिवसभरात तीनदा फोन हातात घेतला. खरंच माने पाठवले असतील तर राग गेला, सगळं मिटलं. आणि सासूबाईंनीच गल्लीत नाक राहावं म्हणून आणून माहेरच्या नावावर खपवले असतील तर? आपण आभार मानायला फोन करायचा, तो तिने नेमका आजच उचलायचा, आणि म्हणायचं, "कसले कंदील?" हे ऐकण्यापेक्षा फोन न केलेला बरा. आधी छडा लावायचा, मग फोन.

छडा लावण्यासारखं तर पुष्कळच होतं. दुपारी शेजारच्या लिमकाकू कंदील बघायला आल्या. उशाशी टांगलेली जोडी पाहून म्हणाल्या, "अगं बाई, दोन्ही लाल?" आणि हसायला लागल्या. सासूबाईंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की हसणं जागच्या जागी थांबलं. मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजल्या. शाओमान चहाची भांडी घेऊन आत गेली, तर दोघी अचानक आलं घालून शिजवलेल्या बदकाबद्दल बोलायला लागल्या. बदक काल संपलं होतं. इथे पाणी मुरतंय याबद्दल आता तिला शंका उरली नाही.

दिवे लागले तशा सासू-सुना बाहेर पडल्या. तिचा नवरा च्याहाइ खानावळीतून सुटणं शक्य नव्हतं, सणाच्या संध्याकाळी आचाऱ्याला कोण सोडतो. देवळासमोरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. तळ्यात बदकांचे कंदील, झाडांना फळांचे, कमानीपाशी राशींची बारा जनावरं आणि मधोमध दोन मजली उंच लाल मासा, तोंड उघडून धूर सोडणारा. असले मोठे कंदील उभारायला दरवर्षी झिगोंगचीच माणसं येतात. तारेच्या सांगाड्यावर कापड चिकटवण्यात शाओमानच्या माचा जन्म गेला होता, पण गावाबाहेरच्या टोळीत ती कधी गेली नाही. तिला गाडी लागायची. पलीकडच्या गावी जायचं तरी पिशवी तोंडाशी धरून बसायची. त्या माशाकडे शाओमान बघेना.

"आई, कोडी," ती म्हणाली.

दोरीला टांगलेल्या कंदिलांखाली कोड्यांच्या चिठ्ठ्या फडफडत होत्या. सासूबाई म्हणजे कोड्यांच्या वेड्या. कंदिलाखालची चिठ्ठी दिसली की त्यांना तहानभूक सुचत नाही, शेजारचा उत्तर सांगायला लागला तर त्याच्या तोंडावर हात ठेवतात. आज मात्र त्यांनी चिठ्ठ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही.

"तू सोडव. मी जरा पाय मोकळे करून येते."

"पाय दुखतायत म्हणत होतात ना?"

"म्हणून तर मोकळे करते," असं म्हणून सासूबाई गर्दीत घुसल्या. त्या वयाच्या बाईला शोभणार नाही इतक्या चपळाईने.

शाओमानने चिठ्ठी सोडली आणि त्यांच्या मागे निघाली. सासूबाई दोनदा मागे वळल्या. पहिल्यांदा ती एका ढोलवाल्याआड झाली, दुसऱ्यांदा बोकडाच्या कंदिलाआड. बोकड आतून पेटलेला, तिचा गाल भाजून निघाला, पण ती हलली नाही. देवळाच्या भिंतीला लागून तान मामांचं कंदिलांचं दुकान होतं. सासूबाई तिथे थांबल्या, खाली वाकून मामांच्या कानाशी काही बोलल्या. मामांनी दोरीवरून कमळाचा एक कंदील उतरवला. पाकळ्यांना तीच घडी, देठाला तोच हिरवा गोंडा. सकाळपासून ज्यांच्याकडे बघून बघून तिचे डोळे दुखले होते, त्या दोन कंदिलांचा हा सख्खा भाऊ. फक्त हा पांढरा होता.

म्हणजे झालं. माने काही पाठवलेलं नव्हतं. जे तिला सकाळपासून ठाऊक होतं तेच खरं ठरलं होतं, आणि तरी ते खोटं निघावं म्हणून ती दिवसभर धडपडत होती, हे तिला आत्ता कळलं.

"आई."

सासूबाईंनी दचकून कंदील पदराआड घ्यावा तसा कोटाआड घेतला. "तू इथे काय करतेस? कोडी सुटली?"

"एक सुटलं. ते कंदील या दुकानातलेच ना?"

"या दुकानातलेच असणार. अर्ध्या गावाचे कंदील इथलेच असतात."

"मग सरळ सांगा ना, तुम्ही आणलेत म्हणून. माहेरचं नाव कशाला घेतलं? मी काय लहान आहे फसवायला? गल्लीत तुमचं नाक राहिलं असेल, पण मी दिवसभर..."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मी आणले? अगं, मी तर समजले तू आणलेस."

"मी?"

"मग कोण? दोन्ही लाल! इथलं शेंबडं पोरही सांगेल, जोडी म्हणजे एक लाल, एक पांढरा. दोन्हींत मेणबत्ती लावायची. पांढरा आधी संपला तर मुलगा, लाल आधी संपला तर मुलगी. आम्ही जन्मात दोन लाल आणणार नाही. ती चूक परमुलखातलं माणूसच करणार, आणि आमच्या घरात परमुलखातली कोण? तू. मी म्हटलं, पोरीला लाज वाटली असेल. कुणाला तरी सांगून स्वतःच मागवले असतील. म्हणून त्या लिमला चिमटा काढला, नाहीतर ती गल्लीभर सांगत सुटली असती. आता गुपचूप पांढरा नेऊन जोडी पुरी करावी म्हटलं, तर तू पोलिसासारखी मागे."

"पांढरा?" शाओमान म्हणाली. "नव्या नवरीच्या उशाशी पांढरा? घरात कोणी मेलंय का?" आणि बोलता बोलता ती थबकली. हा आवाज तिचा नव्हता. हा डाव हातात धरून बोलणारा आवाज होता.

तान मामा इतका वेळ दोघींकडे आळीपाळीने बघत होते. ते म्हणाले, "हेच. अगदी हेच बोलली ती. वहिनी, तुमच्या घरी सकाळी मीच आलो होतो की. हेल्मेट घातलं म्हणून ओळखलं नाही?"

"तुम्ही? मग बोलला का नाहीत?"

"बोलू नका म्हणाली ना. चार दिवस रोज येऊन उभी राहायची. एवढ्या बायका ही कमळं कशाला नेतात म्हणून विचारलं, मी रीत सांगितली. मुलीच्या आईने द्यायचे असतात म्हटलं, तर तशीच कामाला निघून गेली. काल आली जोडी घ्यायला. मी लाल-पांढरी काढून दिली, तर दुकान डोक्यावर घेतलं. ‘माझ्या पोरीच्या उशाशी पांढरा? मी जिवंत आहे अजून!’ मी समजावतोय, ती ऐकते कुठली. दोन लाल घेतले, पत्ता दिला. मी म्हटलं, जवळच तर आहे, स्वतःच जा. नको म्हणाली."

"कशी होती दिसायला?" शाओमानने विचारलं. एवढं ऐकूनही तिचा विश्वास बसत नव्हता. परमुलखातल्या बायका काय थोड्या असतात? "नाव काय?"

"नाव कोण विचारतंय? कोपरापर्यंत खळ माखलेली. त्या माशाच्या टोळीतली, दरवर्षी ही माणसं येतात म्हणून त्यांची बोली कळते मला. थंडीची उभी होती म्हणून मी आमच्या घरची शेवयांची पेज दिली वाटीभर, तर पिशवीतनं बाटली काढली आणि त्यात तिखट ओतलं. लालभडक. मला बघून घाम फुटला. ती सगळी प्यायली आणि म्हणाली, अळणी आहे."

शाओमान पळत सुटली. मागून सासूबाई हाका मारत आल्या, हातात पांढरा कंदील तसाच.

माशाच्या शेपटीमागे वायरींची वेटोळी नि बांबू पडले होते. चार-पाच माणसं खोक्यांवर बसून जेवत होती. कडेच्या खोक्यावर, सगळ्यांकडे पाठ करून, निळं जाकीट घातलेली एक बाई भात चिवडत होती. शेजारी तिखटाची बाटली.

"मा."

बाईने वळून पाहिलं. उठली नाही. घास गिळला आणि आधी म्हणाली, "मी तुझ्या दारात पाऊल ठेवलेलं नाही."

"माहीत आहे."

"हे मैदान आहे. इथे कुणीही येतं."

"हो मा."

"कामाला आलेय मी. माणसं कमी पडली होती त्यांना."

"गाडी लागली नाही?"

"दोन दिवस. पोटात पाणी राहिलं नाही." एवढं बोलून तिने बाजूच्या खोक्यावरची खळीची बादली उचलून खाली ठेवली. शाओमान तिथे बसली. दोघींना एकमेकींच्या अंगाला हात लावायचं सुचेना. माने फक्त तिच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं, जाड आहे की पातळ.

तोवर धापा टाकत सासूबाई पोचल्या. त्यांना झिगोंगची बोली येत नव्हती आणि माला इथली. दोघी एकमेकींना आपादमस्तक न्याहाळत राहिल्या.

"ही सासू?" मा म्हणाली. "डोळ्यांवरून लबाड दिसते. छळत नाही ना? खरं सांग, तिला कळत नाही आपलं."

"काय म्हणाल्या?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणते, तुमची तब्येत छान आहे."

"तू काय सांगितलंस तिला?" माने लगेच विचारलं. "एवढंच नव्हतं बोलले मी. आणि तिच्या हातात ते पांढरं कशाला?"

शाओमानला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. संशय कुठून वारसाने आला, याचा आणखी छडा लावायची गरज नव्हती. तिने माला लाल-पांढऱ्याची रीत नीट सांगितली. मान हलवून सासूबाईही मध्येच म्हणाल्या, "सांग त्यांना. दोन्ही लाल लावले म्हणजे कुठलाही आधी संपो, मुलगीच. म्हणून हा आणला. त्यांचा अपमान करायला नव्हे."

शाओमानने तेही सांगितलं. माने भाताच्या डब्याला झाकण लावलं. वर माशाच्या तोंडातून धूर निघाला, पलीकडची माणसं ओरडली.

"मुलगी झाली तर होऊ दे," मा म्हणाली. "मलाही एकच झाली. फक्त तिला एवढ्या लांब देऊ नकोस."

"काय म्हणाल्या?" सासूबाईंनी विचारलं.

या वेळी शाओमानने एकही शब्द बदलला नाही. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पांढरा कंदील हळूच पाठीमागे नेला.