गरम कोटाचे खिसे

थंडी सरली आणि बायकोने गरम कोट धुलाईला काढला. "अहो, खिसे तेवढे रिकामे करा," ती म्हणाली. "मागल्या वर्षी कोटाबरोबर कागदाचा लगदाही धुऊन आला होता."

मुद्रितशोधकाच्या खिशांतून अकरा चिठ्ठ्या निघाल्या. जुन्या प्रुफांच्या फाडलेल्या पट्ट्या, त्यांवर त्याचेच रेखीव अक्षर. पहिली म्हणत होती: 'मुळीच नाही. आणि का नाही, हे तुम्हाला चांगलंच ठाऊक आहे.' दुसरी: 'शिष्टाचार हा विषय आपण शाळेत ऐच्छिक ठेवला होता काय?' तिसरीत नुसतेच 'वा!' होते, अधोरेखित.

चालता चालता भांडणातली उत्तरे घडवायची आणि विसरू नयेत म्हणून टिपून ठेवायची, ही त्याची जुनी खोड. मनःशांतीवरच्या नऊ पुस्तकांची प्रुफे त्याने तपासली होती; चुका सगळ्या काढल्या, उपदेशाला हात लावला नाही. हिवाळाभरची उत्तरे एकाच माणसासाठी होती: समोरच्या टेबलावर बसून पुस्तकांच्या विषयसूची करणाऱ्या सूचिकारासाठी. पाच महिने दोघांत अबोला होता. आज संध्याकाळी संपादकबाई मुद्रितशोधकाच्या अर्जावर सही करणार, आणि बारा वर्षांची जोडी मोडून तो वरच्या मजल्यावरच्या एकट्याच्या खोलीत जाणार, असे ठरले होते.

निरोपाला एखादी चिठ्ठी वाचून दाखवता आली असती. अडचण एवढीच, की पहिले उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे त्याला काही केल्या आठवेना. उत्तर घासूनपुसून लखलखीत, आणि प्रश्नाचा पत्ता नाही! मूळ प्रत पाहिल्यावाचून त्याने आजवर एक ओळ तपासली नव्हती. अपमान झाला होता, यात शंका नव्हती, पण कसला? कार्यालयात पोहोचेपर्यंत रागाची जागा एका विलक्षण कुतूहलाने घेतली होती.

त्याने चिठ्ठी सूचिकारापुढे ठेवली. "तुम्ही मला काय विचारलं होतं?"

सूचिकार दचकला, मग त्याच्यातला धंदा जागा झाला. त्याने पट्टी उलटली. मागे बगळ्याचा अर्धा पाय छापलेला होता.

"पक्ष्यांचं पुस्तक. म्हणजे थंडीचा पहिला आठवडा," तो म्हणाला. "मी विचारलं होतं, खिडकी लावून घेऊ का?"

"बस्स?"

"बस्स. तुम्ही बोललाच नाहीत, म्हणून लावली नाही. हिवाळाभर मफलर गुंडाळून बसलो." त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. "पण 'का नाही' हे मला ठाऊक आहे, असं लिहिलंय. मला नाही हो ठाऊक."

"मलाही नाही," मुद्रितशोधक म्हणाला.

राईचा पर्वत जगाने पुष्कळदा पाहिला आहे. इथे तर राईच सापडत नव्हती. दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या आणि उरलेल्या चिठ्ठ्या मांडल्या. संध्याकाळपर्यंत आणखी दोन चिठ्ठ्यांचे मूळ लागले. आठ बेवारस राहिल्या.

संपादकबाई अर्ज घेऊन आल्या, तेव्हा मुद्रितशोधकाने तो परत मागितला. "वर जायची घाई तुम्हालाच झाली होती," त्या कोरडेपणाने म्हणाल्या.

घराच्या वाटेवर, पहिल्याच वळणाला, बाईंना द्यायचे एक उत्तर आपोआप जुळू लागले. उत्तर फर्मास होते. हात खिशाकडे गेला. कोट धुलाईला होता. पुढच्या गल्लीपर्यंत त्यातले तीनच शब्द उरले. आता त्यांतला आधी कोणता गळतो, हे पाहत तो सावकाश चालत राहिला.