मानेवरचा खिळा

कॅनडातल्या सडबरीत लोकांनी निकेल खणून घरं बांधली आणि पोरं शिकवली. पण हेल्मी राउतिओच्या दुकानात निकेलला बंदी होती. ती कान, नाक, भुवया, बेंबी, जे म्हणाल ते टोचून द्यायची आणि टोचलेल्या जागी फक्त टायटॅनियम घालायची. तिचे वडील एस्को निकेलच्या भट्टीवर राबून निवृत्त झालेले. दुकानात आले की टोमणा ठरलेला.

"निकेलवर वाढलीस आणि निकेललाच दारातून हाकलतेस. वा गं पोरी!"

"तुमचं निकेल भट्टीत शोभतं बाबा, नाकात नाही. नाकात घातलं की नाकाचा बटाटा होतो."

त्या हिवाळ्यात मात्र टोमणे थांबले होते. हेल्मीच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी बधिर झाली होती. टोचणाऱ्याचं निम्मं काम डोळ्यांचं आणि निम्मं या दोन बोटांचं. सुई कातडीतून आत कधी शिरली, पलीकडे कधी निघाली, हे दिसायच्या आधी बोटांना कळतं. हेल्मीला ते कळेनासं झालं, तसं तिने टोचणं बंद केलं. आता ती गल्ल्यामागे बसून नुसत्या चमक्या आणि बाळ्या विकायची, त्याही डाव्या हाताने.

सर्जन म्हणाले होते, "मानेतली चकती सरकून नस दाबतेय असं वाटतं. पण एमआरआयशिवाय मी सुरी लावणार नाही. आणि नस जितकी जास्त दिवस दबलेली राहील, तितकी बोटं परत येण्याची आशा कमी." एमआरआयचा नंबर लागायचा होता उन्हाळ्यात.

आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी इस्पितळातून फोन आला. पलीकडे डॅरिल कॉर्बिएर, एमआरआयचा तंत्रज्ञ.

"बर्फामुळे मॅनिटूलिन बेटावरचा एक पेशंट येऊ शकत नाहीये. दुपारी तीनची जागा रिकामी झालीय. याल?"

"धावत येते!"

"थांबा, आधी प्रश्न. अंगावर धातू?"

हेल्मी हसली. "भरपूर. पण सगळा काढून येते. मानेवरचा एक खिळा तेवढा राहील. तो कातडीत रोवलेला आहे, निघत नाही. टायटॅनियमचा आहे."

"कशावरून?"

"मी लोहचुंबक लावून पाहिलंय. ओढत नाही."

"तुमच्या लोहचुंबकाने ओढत नाही, एवढंच त्यातून कळलं," डॅरिल शांतपणे म्हणाला. "आमचं लोहचुंबक खोलीएवढं आहे, ताई. धातूचा काही पुरावा आहे?"

पुरावा नव्हता. टोरांटोत ज्यांच्या हाताखाली हेल्मी शिकली, त्या म्हाताऱ्या गुरूंनी शिक्षण संपल्याच्या दिवशी स्वतःच्या हाताने तो खिळा बसवला होता. गुरू शिष्याला असं काहीतरी अंगावर देऊन निरोप देतात, ही त्या धंद्यातली रीत. गुरूंनी दिलेलं म्हणजे टायटॅनियमच, असं ती धरून चालली होती. आता विचारायला गुरू हयात नव्हते.

"हे बघा," डॅरिल म्हणाला, "टायटॅनियम असेल तर मी तुम्हाला आत घेईन. चित्रात कातडीपाशी छोटासा डाग येईल, चालेल. पण स्टील असेल तर ते ओढलं जाईल, तापेलही. आणि फोटो मानेचाच काढायचाय, तर नेमका तिथेच मोठा काळा खड्डा पडेल. धातू कोणता ते माहीत नसताना मी दार उघडणार नाही. खिळा काढून आलात, तर तीनची जागा तुमची."

"आणि नाही काढला तर?"

"मग उन्हाळा."

फोन ठेवून हेल्मीने मानेवर हात नेला. वर टिकलीएवढा खडा, खाली कातडीत आडवा पाय, आणि पायाला भोकं, म्हणजे त्यांतून मांस वाढून खिळा घट्ट धरला जावा. असा जुना खिळा न फाडता काढणारी, हेल्मीच्या मते, गावात एकच बाई होती, ती म्हणजे ती स्वतः. पण स्वतःच्या मानेवर, बधिर बोटांनी, ती काय काढणार? कानातल्या बाळीची फिरकीसुद्धा त्या सकाळी तिच्या हातून दोनदा पडली होती.

एस्को गाडी घेऊन आले. सगळं ऐकून म्हणाले, "सोलांजकडे जाऊ."

"मी नाही जाणार."

"मग उन्हाळ्यापर्यंत बस गल्ल्यावर."

सोलांज ब्रिझब्वा एकेकाळी हेल्मीचीच शिष्या. तिने एकदा स्वस्त स्टीलच्या बाळ्या मागवल्या, तेव्हा हेल्मी गिऱ्हाइकांदेखत म्हणाली होती, "हे कानात घालायचं की मासे पकडायचे?" सोलांज त्याच दिवशी निघून गेली आणि समोरच्याच रस्त्यावर तिने दुकान थाटलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं नव्हतं. गुरूच्या रीतीप्रमाणे शिष्येच्या अंगावर काही घालून कौतुकाने निरोप देणं तर दूरच.

दारावरची घंटा वाजली. सोलांजने मान वर केली आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"अगंबाई! महाराणी आल्या. रस्ता चुकलात का?"

"मानेवरचा खिळा काढायचाय," हेल्मी म्हणाली. "दुपारच्या आत. एमआरआय आहे."

"आणि तुझे सोन्यासारखे हात काय करतायत?"

हेल्मीने उजवा हात पुढे केला. सोलांजने तर्जनीचं टोक नखाने दाबलं, जोरात दाबलं, आणि हेल्मीचा चेहरा हलला नाही, हे पाहिलं. तिचा स्वर बदलला.

"कधीपासून गं?"

"नोव्हेंबर."

"आणि आत्ता सांगतेस? बस. केस वर धर."

हेल्मी खुर्चीत उलटी बसली. सोलांजने हात धुतले, हातमोजे चढवले, खड्याभोवतीची कातडी हळूहळू चोळून सैल केली.

"आधी वरचा खडा काढ," हेल्मी म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

"डावीकडून उचल. पाय डावीकडे लांब आहे."

"हेल्मी, एक शब्द बोललीस तर मिशीच्या जागी बाळी घालीन. स्टीलची."

एस्को दाराशी उभे राहून खो खो हसले. सोलांजने बारीक चिमट्याच्या टोकाने पायाच्या भोकांत वाढलेलं मांस तसूतसूने सोडवलं. घाई नाही, झटका नाही. हेल्मीने दात आवळले, पण मनात ती प्रत्येक हालचाल तपासत होती, आणि तिला कुठे बोट ठेवायला जागा सापडेना. हे सगळं आपणच शिकवलं, आणि याच्याही पुढचं ही स्वतः शिकली, हे तिला मानेवर कळत होतं.

"आला!" सोलांज ओरडली. खिळा ताटलीत टणकन पडला.

"जखमेवर चांदीवाली मलमपट्टी लावू नकोस, साधी—"

"साधीच लावतेय. चांदीही धातूच, ठाऊक आहे मला."

हेल्मीने खिशातून आपलं लोहचुंबक काढलं आणि ताटलीवर धरलं. खडा हलला नाही. तो तिने स्वतःच मागे कधीतरी बदललेला, टायटॅनियमच्या कोंदणातला. पण खालचा पाय सरकला, उभा राहिला आणि टक् करून लोहचुंबकाला जाऊन चिकटला.

एस्को पुढे येऊन ताटलीवर वाकले.

इतकी वर्षं हेल्मी लोहचुंबक लावत होती ते वरच्या खड्याला. खालचा पाय मांसात घट्ट रुतलेला. त्याला ओढ बसली तरी तो हलणार कसा? हलत नाही म्हणजे ओढत नाही, असा तिने हिशेब मांडला होता. दुसरीकडून टोचून आलेल्या गिऱ्हाइकांनाही तिने तोच हिशेब सांगितला होता.

सोलांजच्या ओठांवर वाक्य आलेलं स्पष्ट दिसत होतं. हेल्मीनेच ते उचललं.

"बोल, बोल. मासे पकडायचे का, विचार."

"विचारणार होते," सोलांज म्हणाली, "पण हा घेऊन तू त्या खोलीत शिरली असतीस तर..." तिने खिळा एका डबीत टाकून हेल्मीच्या हाती दिला. "जा आता. तीनला पोहोचायचंय ना?"

हेल्मी उठली, आणि तिला एकदम हसू फुटलं. मोठ्याने, पोट धरून. स्टील बाहेर होतं! दार उघडणार होतं! तिने सोलांजला घट्ट मिठी मारली. सोलांज "अगं, हातमोज्यांना रक्त आहे" म्हणत राहिली, पण सुटायची घाई तिनेही केली नाही.

इस्पितळात डॅरिलने एकेक जागा विचारून घेतली. भोकं बुजू नयेत म्हणून कानांत काचेच्या काड्या, बाकी सगळं रिकामं. डबीतला खिळा पाहून त्याने नुसती शीळ घातली आणि डबी बाहेरच्या कपाटात बंद केली.

"चला, ताई. हलायचं नाही."

यंत्र आत धडधडत होतं, जणू भट्टीत कुणी घण घालतंय. हेल्मी दगडासारखी पडून राहिली. गिळायचंसुद्धा ती आवाज थांबल्यावर गिळत होती. अखेर कानातल्या फोनमधून डॅरिलचा आवाज आला.

"काय आहे ते डॉक्टर सांगतील. पण चित्र काचेसारखं स्वच्छ आलंय. कुठे डाग नाही."

आडव्या पडल्या पडल्या हेल्मीने डाव्या हाताची मूठ हवेत उंचावली. "हलू नका म्हटलं होतं," डॅरिल हसत म्हणाला, "पण आता चालेल."

चित्रात सरकलेली चकती आणि दबलेली नस इतकी ठळक होती की सर्जननी दुसऱ्याच आठवड्यात शस्त्रक्रिया ठरवली. नस मोकळी झाली. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग चटके बसले, मग एका सकाळी कॉफीचा कप गरम लागला आणि हेल्मीने आनंदाने किंकाळी फोडली. मधल्या दिवसांत तिने जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावलं. जिथे धातूचा पुरावा नव्हता, तिथे स्पष्ट सांगितलं, "मी चुकीचं सांगितलं होतं. एमआरआयची वेळ आली तर आधी हे काढा." ते सांगताना तिची मान खाली नव्हती.

तलावांवरचा बर्फ वितळल्यावर तिने टोचायची खोली पुन्हा उघडली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून दारात उभी सोलांज.

"कानाची वरची कड. बिघडवलंस तर गावभर सांगेन."

"सांग. आधी नीट बस."

हेल्मीने खूण केली. सुई अंगठा आणि तर्जनीत धरली, श्वास सोडला आणि पुढे रेटली. वरची कातडी दबली आणि सुटली. मग कूर्चेचा तो कोरडा, हट्टी अडसर. मग तोही सुटला, आणि पलीकडची कातडी अलगद वाट देऊन मोकळी झाली. हेल्मीने डोळे मिटले होते. तिला सगळं कळलं होतं. सुईमागोमाग तिने टायटॅनियमची बाळी सरकवली, गुरूने शिष्येला द्यायची राहून गेलेली.

"झालं?" सोलांजने विचारलं.

"झालं," हेल्मी म्हणाली. "सगळं झालं."