अर्ध्या वेण्या आणि जुळी सासू

जुळी सासू. विहिरीत पडलेली अंगठी. सगळं विसरलेला डॉक्टर. अर्ध्याच वेण्या घातलेलं डोकं.

डोकं डुफीचं होतं. घानातल्या कुमासी शहरात, पोकुआच्या पार्लरमध्ये ती बसली होती आणि तीन वाजता तिचा साखरपुडा होता.

"जुळ्या सासूची मालिका बघच," पोकुआ म्हणाली.

"दोन भाग बघितले, ताई. नायिका बावळट आहे."

पोकुआचे हात थांबले. "मग जा अशीच."

"बरं, शहाणी आहे. पण अंगठी कुणी टाकली?"

पोकुआ रंगात येऊन सांगू लागली आणि वेण्या राहूनच गेल्या. साडेतीनला होणाऱ्या नवऱ्याची आत्या डुफीला शोधत आली. डोकं पाहून तिने कपाळाला हात लावला, मग खुर्ची ओढली.

"तो डॉक्टर खोटारडा आहे," ती म्हणाली. "वेण्या घालता घालता बोला."

मालिका सुरू होण्याआधीच पोकुआचा टीव्ही बिघडला होता; तिची सगळी गोष्ट गिऱ्हाइकांकडून ऐकलेली होती.