ओटा नसलेलं घर

सोडतीत ताईचं नाव निघालं आणि माझं नाही, यात सोडतीची काहीतरी चूक आहे असं मला अजूनही वाटतं. अर्ज आम्ही दोघींनी एकाच खिडकीवर, पाठोपाठ दिले होते. खरं तर रांगेत मी पुढे होते. ताईला नवी सँडल चावत होती, म्हणून मीच तिला माझ्यापुढे उभं केलं. लागलेलं घर त्या जागेचं होतं, असं माझं म्हणणं आहे. ते मी नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला.

घरं खेळाडूंच्या वसाहतीतली होती. शहरात मोठ्या स्पर्धा भरणार, देशोदेशीचे खेळाडू येणार, म्हणून सरकारने आपल्या सगळ्यांच्या पैशातून उंचच उंच इमारती उठवल्या. लोक कुरकुर करायला लागले, तेव्हा जाहीर झालं की खेळाडू गेले की हीच घरं सोडतीने लोकांना मिळतील, तीही स्वस्तात. लोकांची कुरकुर थांबली. माझी सोडतीनंतर सुरू झाली.

वर कडी म्हणजे मला त्याच वसाहतीत सफाईचं काम मिळालं, आणि वाट्याला मजला आला तो नेमका ताईच्या घराचा. घर ताईचं आणि फरशी पुसणार मी.

"काय गं बारके, माझ्या घरात कोण उतरलंय?" ताई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची. म्हणे माझ्या घरात! अजून किल्लीचा पत्ता नव्हता.

"गोळाफेकवाली आहे एक. दारातून आडवी होऊन आत शिरते."

"जपून वापरते ना? आणि ऊन येतं का गं?"

यायचं. सकाळचं कोवळं ऊन थेट पलंगावर यायचं. आमच्या खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागतो. मी म्हणायचे, "येतं, पण अगदी डोळ्यांवर येतं."

ताईचं सगळं असंच. केस लांब तिचे, आईचा जीव तिच्यावर, आणि नवरा असा की जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतो. आमच्या घरी ताट उचललं जावं म्हणून मी खोकत बसते. आता हे घर. माझ्या पोटात दुखत होतं आणि ते मी कुणापासून लपवतही नव्हते, फक्त ताईपासून लपवत होते.

त्या घरात एका खोलीचं दार कायम बंद असायचं. ते स्वयंपाकघर असणार असं मी धरून चालले होते. एक दिवस गोळाफेकवाली सरावाला गेली आणि दार उघडं राहिलं. मी बादली भरायला आत गेले, तर आत मालिशचा पलंग, वजनं आणि बुटांचा ढीग. ओटा नाही, नळ नाही, मोरी नाही. भिंतीतून पाइपाचं एक टोक बाहेर आलेलं आणि त्याला बूच मारलेलं.

मी सुपरवायझरला गाठलं. "साहेब, इथं स्वयंपाक कुठे करायचा?"

"खेळाडू कशाला स्वयंपाक करतायत? सगळे खाली भोजनगृहात जेवतात. ओटे नंतर बसवायचे, सरकारी पैशाचा पुढचा हप्ता आला की."

"तो कधी येणार?"

"झेंडे उतरल्यावर कोण पैसे देतंय, बाई?" तो म्हणाला. "सामान्य माणसाला हे घर कधी मिळेल, देव जाणे."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या दिवशी मी ताईची फरशी इतकी मन लावून पुसली की गोळाफेकवालीने परत आल्यावर माझी पाठ थोपटली. खांदा दुखला.

दुसऱ्याच दिवशी ताई घरी आली, मोजपट्टी घेऊन.

"बारके, ओट्यावर फळी करून घ्यायचीय. सुताराला माप द्यायचंय. जागा कितपत आहे गं?"

"भरपूर," मी म्हटलं. जागाच जागा होती.

"बरं झालं. आमच्या घरमालकाला नवा भाडेकरू मिळालाय. उद्या सांगून टाकते, खोली सोडतो म्हणून. सोडू ना? तू रोज बघतेस, तुझ्याइतकं कुणाला माहीत?"

आता सांगावं, असं आलं होतं तोंडात. पण ती मोजपट्टी गुंडाळत होती आणि गुंडाळताना हसत होती. ते हसू मला सहन झालं नाही.

"सोड की," मी म्हटलं.

स्पर्धा संपल्या, झेंडे उतरले, गोळाफेकवाली पदक घेऊन तिच्या देशात गेली. ताई सामानाचा टेम्पो घेऊन वसाहतीच्या फाटकावर पोहोचली, तर फाटकाला कुलूप आणि वर पाटी: काम अपूर्ण, ताबा पुढील सूचनेनंतर. पहारेकऱ्याने तिला ओट्यांचं सांगितलं. जुन्या खोलीत नवा भाडेकरू आलेला. मग टेम्पो वळला तो कुठे वळणार? बहिणीकडे.

आता माझ्या खोलीत आम्ही दोन संसार आहोत. सुताराने केलेली फळी माझ्या ओट्यावर ठोकली आहे, मापात बसत नाही म्हणून एका बाजूने बाहेर आली आहे. मी कामावरून येते तेव्हा स्वयंपाक झालेला असतो. माझ्या हातची भाजी ताटात तशीच ठेवणारी माझी पोरं आता पुन्हा मागून घेतात. काल दाजींच्या मागोमाग माझा नवराही उठला आणि त्याने स्वतःचं ताट उचललं. मी न खोकता.

माझ्याच ओट्यापाशी उभं राहून, माझाच डाव हातात घेऊन ताईने विचारलं, "बारके, तू तर रोज जायचीस तिथे. ओटा नाही हे तुला कसं गं दिसलं नाही?"

डाव हवेत थांबला होता. दाजी, नवरा, पोरं, सगळे माझ्याकडे बघत होते.

"फरशी पुसताना मान खाली असते, ताई," मी म्हटलं.

"तेही खरंच," ती लगेच म्हणाली. "दिवसभर वाकून वाकून कंबर मोडत असेल तुझी. बस तू, मी वाढते."

तिने वाढलं, मी जेवले. भाजी चांगली झाली होती. इतक्या पटकन कुणावर विश्वास ठेवता येतो, या गोष्टीसाठीही मला तिचा हेवा वाटला.