एक वासरू, दोन गायी

गीर गाय ट्रकातून उतरली तेव्हा सारा मोहल्ला आमच्या गायींच्या कोठ्यापुढं गोळा झाला होता. तांबूस अंग, फुगलेलं कपाळ, वाळल्या पिंपळपानासारखे लोंबते कान. माझ्या लेकानं, धम्मानंदनं, थेट गुजरातेतून आणली होती. नाव ठेवलं राणी. मी म्हटलं, नाव मोठं आहे, आता कासेतून काय निघते ते पाहू.

चार थेंब निघाले.

कास घागरीएवढी, सडं ताठ, अन् धार काढायला बसलं की लाथ. सून पिंकी बसली, धम्मानंद बसला, मग मी बसले. कळमेश्वरजवळच्या या गावात गायी दोहायला लोक मला बोलावतात, अन् माझ्याच कोठ्यात माझी अशी फजिती. मला वाटलं ट्रकात हलून आली, घाबरली असेल. मग वाटलं पाणी बदललं. वासरू दिसलं नव्हतं, ते मागच्या गाडीत येत असेल अशा समजात मी होते. दुसरा दिवस उजाडला तरी मागची गाडी काही येईना.

"धम्मा, हिचं वासरू कोठी आहे गा?"

"तिकडंच राहू देलं. गोऱ्हा होता. फुकट दूध पेला असता."

"अन् ही पान्हावन कोणाले पाहून? तुह्या मिशीले?"

"आई, आपल्या जर्स्या बिनवासराच्या देतात नं?"

आता याला काय म्हणावं! आमच्याकडं दोन जर्सी. त्यांची वासरं जन्मली की वेगळी बांधायची, बादलीनं पाजायची, आई नळासारखी दूध देते. धम्मानंद तेच पाहत मोठा झाला. तिसरी गाय पांढरी, आमच्या इकडच्याच गवळाऊ जातीची. दूध बेताचं, म्हणून ती कोपऱ्यात. तिचा गोऱ्हा पुढं उभा केल्याशिवाय ती सड हातात देत नाही. पण तिची धार मीच काढते, त्यानं कधी वाकून पाहिलं नाही.

अन् ती पांढरी तर मी विकून बसले होते. राणीला जागा पाहिजे म्हणून. आमच्या गल्लीतल्या लहानूला जबान दिली होती, रविवारी गाय अन् वासरू घेऊन जा.

त्याच रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेतून अबोलीबाई आल्या. त्यांच्या बिल्डिंगीत साऱ्यांना देशी गायीचं दूध लागणार होतं, म्हणून तर धम्मानंदनं राणी आणली. बाई आल्या त्या पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढूनच.

"आमच्या घरी हे नाही चालत, बाई," मी म्हटलं. "आम्ही गाय पुजत नाही. चारा घालतो."

त्यांनी डबी परत ठेवली अन् राणीसोबत फोटो काढले. पांढरीसमोरून तशाच गेल्या.

"आजी, ही देशी ना?"

"देशी म्हणजे कोणती बाई? ही गुजरातची. ती कोपऱ्यातली इथलीच."

"ती तर साधी गावठी दिसतेय."

मी उठून पांढरीपुढं चारा टाकला. माझ्या तरुणपणी ढोरांचे डॉक्टर गावात येत, म्हणत गावठी गायी काढा, जर्सी आणा. आम्ही काढल्या. आता जर्सी नको, देशी पाहिजे. बरं, मग पांढरी देशी का नाही? तिला आगगाडीचं तिकीट काढून गुजरातेत नेऊन परत आणावं का?

पिंकीनं चहा आणला. बाई घोट घेऊन म्हणाल्या, "वा! गीरच्या दुधाची चवच वेगळी."

"हे पांढरीचं आहे."

बाईंनी कपात पाहिलं, मग राणीकडं. "मग गीरचं कुठंय? आज दाखवा, नाहीतर आमचे लोक दुसरीकडे बघतील."

धम्मानंदचं तोंड उतरलं. मी उठले. पांढरीचा गोऱ्हा सोडला, त्याच्या पाठीला सरकीच्या ढेपेचं पाणी अन् मीठ चोळलं, अन् राणीपुढं उभा केला. राणीनं शिंग उगारलं. मग हुंगलं. मग जीभ काढली अन् चाटत सुटली. गोऱ्ह्याला काय, कास दिसली, भिडला. राणीनं पान्हा सोडला. मी त्याला बाजूला ओढलं अन् बादली लावली. अबोलीबाई कॅन भरून खुशीत गेल्या.

कोपऱ्यात पांढरी हंबरून राहिली होती.

तेवढ्यात लहानू दोर घेऊन आला. धम्मानंद म्हणाला, "काका, गाय न्या. वासरू राहू द्या."

"बिनवासराची गवळाऊ? घरी नेऊन फोटो लावू का तिचा?"

"आई, तू सांग."

मी काय सांगू? गोऱ्हा दिला तर राणी आटते. ठेवला तर लहानूकडं पांढरी आटते, अन् माझी जबान खोटी.

"कौसल्याबाईची जबान म्हणजे दगडावरची रेघ, म्हणत होते लोक," लहानू म्हणाला.

ते वर्मी लागलं. "दूध देणारी गाय देतो म्हटलं होतं नं? ती जर्सी ने."

"आई!" धम्मानंद ओरडला. "सगळ्यात जास्त दूध तिचंच आहे!"

"म्हणून तं देतो. कमी देऊन जबान राहते का?"

लहानूनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "बरी आहेस नं वं? तिले तं उन्हाळ्यात कूलर लागते."

"कूलर बी ने."

जर्सी गेली. मागून हातगाडीवर कूलर गेला. मी बरोबर केलं की येड्यासारखं, मला अजून समजलं नाही. धम्मानंद रुसून ओसरीवर बसला आहे. दूध कमी होईल म्हणतो, खरंच होईल. अबोलीबाईंना पांढरीचंही घाला म्हणते मी, तर ते देशी आहे की नाही, यावर माय-लेकाचं एकमत होत नाही.

संध्याकाळी गोऱ्हा सोडला. इकडून राणी हंबरली, तिकडून पांढरी. तो मधातच उभा. एकदा इकडं मान, एकदा तिकडं.

पिंकी बादली घेऊन आली. "आई, पहिले कोणाची काढू?"

"मले काय विचारतं वं?" मी म्हटलं. "त्याले विचार."